चौथ्या गावाला न जाणारे साहेब

आमचे साहेब नोकरीला माणूस ठेवताना शिक्षण विचारत नसत, अनुभवही विचारत नसत. समोरच्याला आधी पाणी द्यायचे आणि मग विचारायचे, “दुपारी झोपतं का?” मी कृषी पदविका घेऊन, थोरल्या भावाचा इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. छाती फुगवून म्हणालो, “नाही साहेब, अजिबात नाही.” त्यांचा चेहराच पडला. शेजारच्या कारकुनाला म्हणाले, “पोरगा हुशार हाय, पन टिकत नाही हा.” तरी मला ठेवून घेतलं. माझं गाव मारेगावकडचं होतं आणि त्यांना त्या भागातला माणूस हवा होता.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमची बियाण्याची कंपनी तोवर दोन तालुक्यांपुरती होती, मारेगाव आणि झरी जामणी. यवतमाळच्या बसस्टँडमागे एक खोली आणि सात माणसं. मग नवं वाण आलं, लोक त्यावर तुटून पडले आणि दोन-तीन हंगामांत कंपनी अंगाबाहेर वाढली. खोलीच्या तीन खोल्या झाल्या. सातांचे चाळीस झालो. वरून मोठे साहेब दर आठवड्याला फोन करून नव्या तालुक्याचं नाव सांगायचे. कागदावर आम्ही क्षेत्र प्रतिनिधी होतो, गावात मात्र ‘बियानेवाले’. उगवलं तर देवानं दिलं, नाही उगवलं तर बियानेवाल्यांनी बुडवलं. त्या वर्षांत न उगवलेलंच जास्त वाट्याला येत होतं.

साहेबांचा नियम एकच होता. एका माणसानं एका दिवसात तीन गावं करायची, चौथ्या गावाला जायचं नाही. तरुणपणी झरी जामणीच्या रानात जंगलखात्याच्या रोजंदारीवर ते पायी हिंडले होते, हिशेब तिथला होता. मी एकदा म्हणालो, “साहेब, तेव्हा तुमी पायी होते. आता कंपनीनं गाड्या देल्या ना.” ते म्हणाले, “गाडीनं पाय वाचते राजा, डोकं नाही वाचत. चौथ्या गावात मानूस पोचते, पन त्याचा कान तिसऱ्या गावातच राह्यते. मंग तो समोरच्याचं आयकत नाही, नुसता मान हालवते. अन् आजकाल लोकायले मान हालवनारा नोको हाय, आयकनारा पायजे.”

हे काही नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. संध्याकाळी आम्ही परतलो की ते ओट्यावर उभे राहून विचारायचे, “कोनतं गाव? दुसरं? तिसरं?” तिसऱ्यानंतर एखाद्याची जीभ अडखळली की समजायचं, या गड्यानं चौथं केलं. दुसऱ्या दिवशी त्याला एकच गाव मिळायचं. शिक्षा म्हणून कमी काम देणारा साहेब मी पुन्हा पाहिला नाही.

चिडून येणाऱ्यांसाठी त्यांची वेगळीच तऱ्हा होती. न उगवलेल्या ओळीतली माती रुमालात बांधून एखादा शेतकरी ऑफिसात यायचा आणि दारातूनच आईबहीण काढायचा. साहेब लगबगीनं बाहेर जायचे. त्याला खुर्चीवर बसवायचे आणि स्वतः ओट्याच्या खालच्या पायरीवर बसायचे. “मले द्या शिव्या. हे पोट्टे नवे हायेत, त्यायले नोका देऊ,” असं म्हणायचे. तो द्यायचा. अर्धा-अर्धा तास द्यायचा. शेवटी त्याचा आवाज बसायचा. कधीकधी तो रडायचाही. मग साहेब रुमालातली माती हातात घेऊन चार साधे प्रश्न विचारायचे आणि जे करता येण्यासारखं असेल ते कबूल करायचे. नसेल तर नाही म्हणून सांगायचे. तो गेला की तोंडावर पाणी मारायचे.

आम्हाला तेव्हा वाटायचं, साहेबांना काही स्वाभिमान म्हणून आहे की नाही! तक्रारीच्या गावात ते कोणाला एकट्याला धाडत नसत. जिथं गरज पडेल तिथं स्वतः सोबत यायचे आणि गाडीवरून आधी स्वतः उतरायचे. त्या खालच्या पायरीचा अर्थ पुढे त्यांच्या खुर्चीत बसलो तेव्हा कळला. तीन दिवस शिव्या ऐकल्या आणि माझी भूक गेली.

एक ते दोन या वेळात ते फोनचा रिसीव्हर उचलून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायचे. “पोट्टे जेवून राह्यले,” हे त्याचं कारण. मोठे साहेब नंतर ओरडले की “लाइन खराब होती जी,” म्हणून मोकळे. आणि संध्याकाळी घरी निघताना ते प्रत्येकाचा डबा हातात घेऊन उचलून बघायचे. जड लागला तर दुसऱ्या दिवशी त्याला रजा. “जो मानूस जेवाले इसरला तो काम काय आठवनीनं करन?”

यावर आम्ही अर्थातच तोड काढली. रजा नको असायची, कारण वाढत्या कंपनीत ज्याची गावं जास्त त्याचं नाव वरपर्यंत जायचं. उरलेली भाकर वाटेत कुठंतरी टाकून द्यायची आणि हलका डबा घेऊन यायचं. यात सगळ्यांत तरबेज होता किसन राठोड. महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचा हा गडी आमच्यातला सगळ्यांत चलाख. मराठी, हिंदी, तांड्यावरची गोरबोली, काय म्हणाल ते बोलायचा. दिवसाला आठ-आठ गावं करून साहेबांपुढे तीनच सांगायचा आणि वर मात्र आठांची नावं परस्पर कळवायचा. त्याचा डबा बसस्टँडवरची एक शेळी खायची. एके दिवशी ती शेळी त्याच्या गाडीमागे धावत थेट ऑफिसच्या ओट्यावर चढली आणि डब्याला तोंड लावू लागली. आम्ही पोट धरून हसलो. साहेब हसले नाहीत. ते राठोडच्या हाताकडे बघत होते. गाडीची किल्ली त्याच्या बोटांत वाजत होती, आणि ती तो मुद्दाम वाजवत नव्हता.

“किती दिसापासून?” त्यांनी विचारलं.

“काय साहेब?”

“हात.”

“ते गाडीच्या हँडलनं होते जी.”

साहेबांनी त्याच्या बोटांतून किल्ली काढून घेतली. “उद्यापासून पंधरा दिवस तांड्यावर. गाडी इथंच राहीन. एस्टीनं जाजो.”

राठोड आधी हसला, मग चिडला, मग चक्क हात जोडू लागला. हंगाम ऐन भरात होता, महागावला नवं केंद्र उघडायचं होतं आणि ते केंद्र आपल्याला मिळणार असं त्याला मोठ्या साहेबांनी जवळजवळ कबूल केलं होतं. “साहेब, माया पोटावर पाय नोका देऊ,” तो म्हणाला. साहेब म्हणाले, “पगार कापत नाही, बापा. नुसता झोप. मायच्या हातचं खाय अन् झोप.” राठोड रडत गेला. जाताना माझ्याकडे बघत गेला. त्याची बाजू घेऊन मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी बोललो नाही, कारण महागावचं केंद्र मलाही हवं होतं.

आता इथून पुढचं सांगायला मला जड जातं, पण सांगायचं तर हेच आहे.

राठोडची गावं पंधरा दिवस तशीच राहू द्या, असं साहेबांनी बजावलं होतं. मी ऐकलं नाही. माझी तीन झाली की त्याची तीन-चार करून यायचो. वर नाव जाईल ही एक हाव, आणि एकदा गाडी सुरू झाली की थांबववतच नसे, हे दुसरं. अंथरुणावर पडलो की डोळ्यांपुढून रस्ता पळत राहायचा. घरी कोणी हाक मारली तरी अंगावर जायचो. एकदा बायकोनं ताट वाढलं आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून मी ते भिंतीवर फेकलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, तोवर तिच्यावर मी आवाजही चढवला नव्हता. माझी दीड वर्षाची मुलगी मला पाहिलं की आईच्या पदरात शिरू लागली. कामाचा ताण, दुसरं काय, असं मी म्हणायचो.

अशात वरून हुकूम आला. महागावला मोठा शेतकरी मेळावा घ्यायचा, मोठे साहेब स्वतः येणार, नव्या केंद्राचं उद्घाटन. दिवस ठरला होता पोळ्याच्या आदल्या दिवशीचा.

आमच्याकडे हा दिवस खांदशेकणीचा. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांना नदीवर धुतात, त्यांच्या खांद्याला पळसाच्या पानानं तूप-हळद लावून शेकतात आणि कानात सांगतात, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” आमच्या वस्तीत छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर पूजाअर्चा बंद झाली, तरी बैलाचा हा मान आमच्या बापानं राखला होता. त्या दिवशी कोणी औताला हात लावत नाही, मेळाव्याला कोण येणार? साहेबांची त्या दिवसाची स्वतःची एक रीत होती. दुपारी ऑफिसचं शटर अर्धं ओढून ते आम्हाला रांगेनं सतरंजीवर बसवायचे आणि खरोखरच तुपाची वाटी कोमट करून प्रत्येकाच्या खांद्याला लावायचे. वर तेच आवतण द्यायचे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पुरणाचं जेवण. पहिल्या वर्षी शर्टाची बटणं काढताना मी लाजून मेलो होतो. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती हातातलं काम टाकून म्हणाली, “तुया सायबानं सोताच्या हातानं लावलं?” तिच्या वयाच्या बाईला ती गोष्ट किती मोठी वाटली असेल, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं.

तर साहेबांनी वर कळवलं, त्या दिवशी मेळावा होणार नाही, माझी माणसं त्या दिवशी काम करणार नाहीत. मोठे साहेब शहरातले, त्यांना पोळा म्हणजे एक सुट्टी एवढंच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मी एसटीडी बूथवर गेलो आणि मोठ्या साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं. माणसं घरी बसवतात, चौथं गाव करू देत नाहीत, जेवणाच्या वेळी रिसीव्हर काढून ठेवतात, डबे तपासतात, अंगाला तूप लावतात. तूप लावतात हे सांगताना मी हसलो आणि पलीकडून मोठे साहेबही हसले. ते हसणं माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. शेवटी मी म्हणालो, “मेळावा मी करून दाखवतो जी.”

आठवड्याच्या आत साहेबांना मीटिंगसाठी बोलावलं. ते परतले ते फक्त आपला तांब्या आणि टेबलावरचा चष्मा न्यायला. सगळ्यांना नमस्कार केला. माझ्यापाशी थांबून म्हणाले, “जप.” मला वाटलं, ऑफिस जप असं म्हणतात. त्यांची खुर्ची मला मिळाली.

मेळावा करून दाखवायचा होता. महागावकडचे तांडे न् तांडे ओळखणारा माणूस एकच. मी राठोडला निरोप धाडला: पंधरा दिवस रद्द, गाडी पाठवतोय, महागाव केंद्र तुझंच समज. राठोड आला. चेहरा जरा भरला होता, हाताचं थरथरणं कमी झालं होतं. तो म्हणाला, “अजून जराक दिस भेटले असते तं बरं झालं असतं. आत्ता कोठी झोप लागून राह्यली होती.” मी म्हणालो, “मेळावा झाला की झोप की लेका, महिनाभर झोप.” त्यानं किल्ली घेतली.

त्यानं तीन दिवसांत किती गावं केली ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. खांदशेकणीच्या दिवशी मंडप पडला, खुर्च्या मांडल्या, मोठ्या साहेबांची गाडी आली आणि मंडपात माणूस नाही. सगळं गाव बैल घेऊन नदीवर. मोठे साहेब माझ्याकडे बघू लागले. मी राठोडला बाजूला घेऊन म्हणालो, “जवळपासचे चार तांडे कर. अर्ध्या तासात शंभर माणूस पायजे.” ऊन चांगलंच तापलं होतं. तो म्हणाला, “भाऊ, आज कोनी येत नाही.” मी म्हणालो, “मले माहीत नाही. आन.” साहेब आम्हाला कधी असं बोलले नव्हते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तांड्याच्या मध्ये ओढ्यावर एक पुलिया आहे. रस्ता सरळ, समोर कोणी नाही, गाडीला ब्रेक लावल्याची खूणही नाही. बैल धुऊन परतणाऱ्या लोकांनी पाहिलं. ते म्हणाले, गाडी चालवता चालवता त्याची मान खाली गेली आणि गाडी सरळ कठड्यावर गेली.

राठोड वाचला, हे आधीच सांगून टाकतो. उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही आणि बोलताना मधेच शब्द हरवतो. तिन्ही भाषांतला हरवतो. पण तो वाचेल की नाही हे कळायला चार दिवस लागले आणि ते चार दिवस मी यवतमाळच्या दवाखान्यात बाकावर काढले. मोठे साहेब तिकडूनच परत गेले होते. त्याची आई जमिनीवर बसून होती. घागऱ्यावरच्या कवड्या एकेक करून बोटांनी चाचपत होती. मला ती ओळखत होती, मुलाचा साहेब म्हणून. ती एवढंच म्हणाली, “साहेब, सुट्टी होती नं त्याले? मंग काहून बोलावलं?” मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो.

पोळ्याच्या दिवशी दुपारी आमचे जुने साहेब आले. हातात केळी आणि पाण्याची बाटली. आधी राठोडच्या आईपाशी बसले, तिच्याशी मोडक्या गोरबोलीत काही बोलले. मग डॉक्टरांना भेटून आले. मग माझ्या शेजारी बसले. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. शेवटी मीच म्हणालो, “साहेब, तो फोन मी केलता.”

“माहीत हाय,” ते म्हणाले. “मोठ्या सायबानं त्याच दिवशी तुयं नाव सांगितलं मले.”

“मंग तुमी मले काही बोलले काहून नाही? जाताना नुसते जप म्हनले.”

त्यांनी केळी बाकावर ठेवली आणि चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसत बसले.

“कायले बोलू? राठोडचं मले दिसलं. त्याचे हात थरथरत होते, कोनालेही दिसलं असतं. तू नीट चालत होता, नीट बोलत होता, म्हनून मी तुयाकडे पाह्यलंच नाही. तुयी बायको आलती माया घरी, माहीत हाय तुले? ताट फेकलं त्याच्या दुसऱ्या दिशी. मायी बायको म्हने, त्याले बी जरा पाह्य. मी म्हनलं, तो खंबीर हाय.” त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “दोन मानसं थकली होती. मी एकालेच घरी पाठवलं. चूक मायी हाय.”

मी शिव्यांची तयारी करून बसलो होतो. त्यांनी चारचौघांत थोबाडीत मारली असती तर मी ती आनंदानं खाल्ली असती, निदान तेवढं तरी माझ्या नावावर राहिलं असतं. त्यांनी तेही माझ्याकडून काढून घेतलं आणि स्वतःच्या अंगावर ओढलं. राठोडच्या आईदेखत, नर्सेसदेखत, मी तोंडावर हात न घेता मोठ्यानं रडलो. त्यांनी मला गप्प केलं नाही.